खालच्या दाराचे जेवण

प्रेत सापडले ते एका तरंगत्या उपाहारगृहाच्या नांगरसाखळीत अडकलेले. सकाळी स्वयंपाक्याने पाणी शेंदायला बादली सोडली. ती पाण्यावर आपटली नाही, कशावर तरी मऊ टेकली. त्याने कठड्यावरून वाकून पाहिले आणि दोर हातातून सोडून दिला.

चोंगछिंगच्या पोलिसांनी देह काठावर घेतला तेव्हा जियालिंग नदीवर हिवाळ्यातले धुके असे दाटले होते की पूल अर्ध्यावरच संपल्यासारखा दिसत होता. पांढरी दाढी. जाड लोकरी कोट. एकाच पायात बूट. उपनिरीक्षक मौ लानझी यांनी गुडघे टेकून कोटाचे खिसे तपासले. एका खिशात शहराच्या नकाशाचा लगदा होता. दुसऱ्यात, रुमालात नीट गुंडाळलेला, एक पोलादी चमचा. त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधलेला होता.

"परदेशी माणूस," हवालदार म्हणाला. "काड्यांनी जेवता येत नसेल. चमचा घेऊनच हिंडत असेल बिचारा."

लानझीबाईंनी दोऱ्याची गाठ पाहिली. गाठ जुनी होती, आणि बांधणाऱ्याचा हात सरावाचा होता.

मृताचे नाव बोगोमिर. देश स्लोव्हेनिया, वय सत्तरीपलीकडचे, जन्मभर पियानोंचे सूर जुळवले आणि उतारवयात एकटाच जग पाहायला निघाला. नदीवर झुकलेल्या कड्यावरच्या एका अतिथिगृहात तो गेला महिनाभर राहत होता. सोमवारी मालकाने तो बेपत्ता असल्याची वर्दी दिली. बुधवारी नदीने त्याला परत दिले.

शवचिकित्सेचा अहवाल त्याच संध्याकाळी आला. मृत्यू बुडून, फुप्फुसांत नदीचे पाणी व गाळ. शिवाय गळ्याचे हाड आणि डावा पाय मोडलेला, त्याही जखमा जिवंतपणीच्या. मृत्यूची वेळ मात्र डॉक्टर सांगेनात.

"गुरुवार म्हणा, नाहीतर रविवार म्हणा," ते म्हणाले. "इतक्या थंड पाण्यात पडलेलं शरीर आहे. मला काय विचारता? त्याला शेवटचं ज्याने पाहिलं, त्याला विचारा."

त्या प्रश्नाचे उत्तर ठाण्याकडे आधीच तयार होते. बाईंना खुपत होते ते तेच.

*

"म्हाताऱ्याने शुक्रवारी जेवण मागवलं, शनिवारी दुपारी मागवलं," ठाणेप्रमुख छू बोटांवर मोजत म्हणाले. "स्वतःच्या फोनवरून, त्याच त्या नूडल. दोन्ही डबे खोलीतल्या कचऱ्याच्या टोपलीत मिळाले, रिकामे, खरकट्या काड्यांसकट. म्हणजे शनिवारी दुपारी तो जिवंत होता. शनिवारी जेवण घेऊन कोण गेलं? डिलिव्हरीवाला शिआंग. म्हाताऱ्याचा फोन कुठे सापडला? शिआंगच्या स्कूटरच्या पेटीत, अस्तराखाली. महिन्यापूर्वी म्हाताऱ्यावर भर रस्त्यात कोण ओरडलं? शिआंग. आणखी काय हवंय, मौबाई? नदीने येऊन सही करायची का?"

"फोनवर ठसे आहेत त्याचे?"

"कुणाचेच नाहीत. पुसलाय."

"चोराने फोन पुसून काढला, आणि मग स्वतःच्याच पेटीत ठेवला?"

"चोर शहाणे असते तर आपल्याला सरकारने पोसलं कशाला असतं?" छू यांनी चहाच्या पेल्यावर झाकण ठेवले. "उद्या दुपारी कागद सरकारी वकिलाकडे जातील. परदेशी पाहुण्याचा खून आहे. त्याची शिक्षा काय, हे तुम्हाला मी सांगायला नको."

बाहेर बाकावर शिआंगची बायको बसली होती. नवऱ्याचा पिवळा रेनकोट तिने घडी घालून मांडीवर घेतला होता. तो तिला कोणी मागितला नव्हता, आणि कोणी आत घेऊन जाऊ दिलाही नव्हता. लानझीबाई जवळून गेल्या तेव्हा ती उठून उभी राहिली, आणि काहीच न विचारता पुन्हा बसली.

*

शिआंग यौथ्येन हा चाळिशीचा, वाऱ्याने रापलेला माणूस. बेडीतले हात त्याने टेबलावर असे ठेवले होते, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

"आजोबांवर ओरडला होतास?"

"ओरडलो, ताई. खोटं कशाला बोलू? पहिल्याच दिवशी. हा माणूस राहतो वर, कड्यावर, आणि पत्ता टाकलाय खालच्या रस्त्याचा! मला वाटलं चुकलाय, मी आपला वरच्या दाराशी गेलो. हा खाली वडाच्या झाडाजवळ वाट बघत उभा. तो सगळा जिना उतरून मी खाली पोचेस्तोवर उशीर झाला, माझे गुण कापले गेले. मग काय, घातल्या शिव्या."

"मग तो काय म्हणाला?"

"त्याला काय कळतंय? हसला, आणि खिशातून संत्रं काढून दिलं." शिआंगने मान खाली घातली. "मग रोजचंच झालं. तो अ‍ॅपात चित्र बघून बोट ठेवायचा, टोमॅटो-अंड्याच्या नूडल, आणि खाली येऊन उभा राहायचा. त्याला वाटायचं ह्या देशात जेवण आणायला कडाच उतरावा लागतो. नकाशात वरचा रस्ता आणि खालचा रस्ता एकाच ठिपक्यावर दिसतात ना! आमच्यासारख्यांना कळतं. त्याला कसं कळणार?"

"अतिथिगृहातल्या कुणी त्याला सांगितलं नाही?"

"त्यांना कुठे ठाऊक! म्हातारा डबा हातात घेऊन वर यायचा; त्यांना वाटायचं खालच्या बाजारातून आणतोय."

"शुक्रवारी काय झालं?"

आणि त्या अंधाऱ्या खोलीत, एवढ्या सगळ्या काळजीत, शिआंगच्या तोंडावर किंचित हसू उमटले.

"शुक्रवारी आजोबा सुधारले! पत्ता वरच्या दाराचा. 'दाराजवळच्या फळीवर ठेवा' असंसुद्धा. मी वर खिडकीकडे बघून ओरडलो, शाब्बास आजोबा! अखेर शिकलात! पडदा हलला. मी हात केला आणि गेलो."

"तोंड दिसलं?"

"नाही हो. पडदाच."

"शनिवारी?"

"शनिवारी पण वरच. मालक यिन दारातच होता. म्हणाला, ही पाण्याची मोठी बाटली जरा आत नेऊ लाग, माझी कंबर धरलीय. लागलो हात. डबा फळीवर ठेवला, निघालो. ताई, तो फोन माझ्या पेटीत कसा आला ते मला खरंच ठाऊक नाही. माझ्या बायकोची शपथ."

"बाटली नेलीस तेव्हा पेटी उघडी होती?"

"दुसऱ्यांची जेवणं होती ना आत. कुलूप कोण लावतंय?"

*

अतिथिगृह टुमदार होते. आरशासारखी फरशी, दारात फुलांच्या कुंड्या, आणि मागे कड्याबाहेर काढलेला लाकडी सज्जा. त्याच्याखाली वस्ती नव्हती. सरळ कडा, आणि कड्याच्या पायथ्याशी नदीकाठची ओसाड दगडी पट्टी. पाहुणे येत ते ह्या सज्जासाठी.

मालक यिन शौरेन बारीक आवाजात बोलत असे, आणि बोलताना समोरच्याला बसायला खुर्ची सरकवत असे.

"आजोबांचं ऐकून जेवण जात नाही, मॅडम. घरातल्यासारखे झाले होते. फोनलासुद्धा कुलूप नाही! म्हणायचे, माझ्याकडून चोरायचं काय?"

"शेवटचं कधी पाहिलंत?"

"शनिवारी दुपारी. म्हणजे पाहिलं असं नाही. त्यांचं जेवण आलं, त्यांनी आत नेलं, पावलं ऐकली. मग मी गाडीत बसलो. फूलिंगला आईचं वर्षश्राद्ध होतं. सगळं गाव होतं तिथे. सोमवारी आलो तर खोली रिकामी."

"दारावरचा कॅमेरा?"

"बंद पडलाय हो, महिना झाला. माणूस येतो म्हणतो आणि येत नाही. तुम्हाला ठाऊकच आहे ही माणसं कशी असतात."

बाई सज्जात आल्या. धुक्यातून खालच्या पाण्याचा नुसता आवाज येत होता. त्यांनी कठड्यावर हात टेकला आणि उचलला. तळव्याला हिरवा रंग लागला होता. दमट हवेत तो अजून पुरता वाळला नव्हता.

"अरे रे! हात खराब झाला. थांबा, रॉकेल आणतो," यिन लगबगीने म्हणाला. "नववर्षाची गर्दी येईल ना, म्हणून रंग काढला."

"सगळ्या कठड्याला?"

"ह्याच बाजूला. बाकीचा सावकाश काढू."

बाईंनी हात पुसला. शेजारच्या जुन्या लाकडात वाळवीने जाळी विणली होती. रंगवलेल्या भागाचे लाकूड मात्र नवे होते, आणि त्यातले खिळे अजून चकाकत होते.

*

बाई परतीच्या वाटेला लागल्या, पण गाडीकडे गेल्या नाहीत. अतिथिगृहाच्या बगलेतून शेवाळलेला दगडी जिना खाली जात होता. एक पंचाहत्तरीचा म्हणता येईल असा परदेशी वृद्ध हा जिना रोज उतरत होता, एका वाटीभर नूडलसाठी. बाई त्याच जिन्याने उतरल्या.

खालच्या रस्त्याचे काम निघाल्यापासून तिथले कॅमेरे काढून ठेवलेले होते. वडाच्या झाडाखाली एक म्हातारी मऊ तोफू विकत होती. तिच्या समोरच्या पेल्यात चमचे उभे होते, आणि प्रत्येक चमच्याच्या दांड्याला लाल दोरा होता.

बाई बाकड्यावर बसल्या.

"खाणार का चौकशी करणार, पोरी?" म्हातारीने विचारले. तिला सगळे छिन आजी म्हणत. "गणवेश बघून माझं गिऱ्हाईक पळतं. खाणार असशील तर बस."

"दोन्ही करीन म्हणते, आजी. हे दोरे कशाला?"

"लोक चमचे खिशात घालून जातात. दोरा दिसला की लाज वाटते. सगळ्यांना नाही वाटत म्हणा."

"दाढीवाल्या आजोबांना दिला होतात चमचा?"

म्हातारीची पळी थांबली.

"मिळाला का ग तो?"

"मिळाला."

त्या एका शब्दात जे होते ते आजीला कळले. तिने पळी भांड्यावर आडवी ठेवली आणि थोडा वेळ भट्टीतल्या विस्तवाकडे पाहत राहिली.

"रोज यायचा," ती म्हणाली. "त्याच्या डब्यात काड्याच नसायच्या. अ‍ॅपात सांगावं लागतं म्हणे, काड्या पाठवा म्हणून. नाही सांगितलं तर देत नाहीत. ह्याला कुठलं वाचता येतंय! पहिल्या दिवशी इथे बसून बोटांनी खायला लागला. मी काड्या दिल्या. अग, त्याच्या हातात काड्या म्हणजे बगळ्याच्या पायात पैंजण! सगळं कोटावर. मग दिला चमचा. दुसऱ्या दिवशी धुऊन, पुसून, रुमालात बांधून परत आणला, आणि नवीन डब्यासाठी तोच परत घेऊन गेला. असं रोज. चुकला नाही कधी."

"शेवटचा कधी आला?"

"गुरुवारी संध्याकाळी. डबा घेतला, चमचा घेतला, वर हात दाखवला. म्हणजे काय, सज्जात बसून नदी बघत खाणार. शुक्रवारी मी वाट बघितली. शनिवारीपण. म्हटलं, घेऊन गेला वाटतं माझा चमचा. परदेशीच शेवटी." तिने पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावला. "मनात आणलं मी असं. त्याच्याबद्दल."

बाईंनी वाटी संपवली. तोफू गरम होता.

शितावरून भाताची परीक्षा होते असे आपण म्हणतो. एका चमच्यावरून एका मरणाची तिथी ठरावी, हे मात्र त्यांनी आजवर पाहिले नव्हते.

*

"म्हातारा चमचा द्यायला विसरला असेल," छू म्हणाले. पण ह्या वेळी त्यांनी पेल्यावर झाकण ठेवले नाही.

"असेल. पण त्याच दिवशी तो अ‍ॅप वाचायलाही शिकला? पत्ता दुरुस्त करायलाही? आणि ज्या काड्या हातात धरता येत नव्हत्या त्या मागवून त्यांनी जेवायलाही? मी आत्ताच कंपनीला विचारलं. महिनाभराच्या प्रत्येक मागणीला खालचा रस्ता, काड्या नकोत. शुक्रवार आणि शनिवार, दोनच दिवस वरचा रस्ता, काड्या एका माणसाच्या."

"हे आपल्या लोकांना आधी का नाही दिसलं?"

"कारण शेवटचे दोन पत्ते बरोबर होते, साहेब. बरोबर पत्त्याकडे कोण बघतं?"

छू यांनी सरकारी वकिलाकडे जायचे कागद बाजूला सरकवले. "उद्या दुपारपर्यंत," ते म्हणाले. "त्यानंतर माझ्या हातात नाही."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी लानझीबाई अतिथिगृहात आल्या तेव्हा बरोबर दोन हवालदार होते. यिनने तिघांनाही खुर्च्या सरकवल्या.

"बसते," बाई म्हणाल्या. "सकाळपासून पोटात काही नाही. मालक, माझा चष्मा ठाण्यात राहिला. ह्यात जरा नूडल मागवून देता? इथेच खाईन म्हणते."

त्यांनी आपला फोन पुढे केला. अ‍ॅप उघडेच होते. यिनने फोन घेतला. अंगठा सरावाने सरकू लागला. मध्येच तो थबकला, जीभ टाळ्याला लावून 'चक्' केले, काहीतरी बदलले, आणि पुढे गेला.

"तिखट किती, मॅडम?"

"तुम्ही आत्ता काय बदललंत?"

"कुठे? हा पत्ता हो. तुमच्यात खालचा रस्ता पडला होता. जेवण खाली गेलं असतं."

"आणि काड्या?"

"टाकल्या ना, एका माणसाच्या." तो हसला. "नाहीतर खाणार कशाने?"

"पत्ता मी मुद्दाम चुकीचा ठेवला होता, मालक," बाई म्हणाल्या. "आणि माझा चष्मा खिशातच आहे."

यिनचे हसू जागच्या जागी राहिले. डोळ्यांतून मात्र ते निघून गेले.

"चोंगछिंगचा माणूस," बाई शांतपणे बोलू लागल्या, "चुकीचा मजला सहन करू शकत नाही. आपण जन्मतो तेच वरचा रस्ता की खालचा, हे विचारत. तुम्ही शुक्रवारी आजोबांचा फोन हातात घेतलात, मागच्याच नूडलवर बोट ठेवलंत, कारण म्हाताऱ्याची आवड कुणाला वेगळी वाटू नये. एवढं सगळं विचारपूर्वक केलंत. पण पत्ता खालचा दिसला, आणि हात आपोआप चालला. आत्ता चालला तसाच. तुम्हाला ठाऊकच नव्हतं की तो माणूस महिनाभर त्या चुकीच्या पत्त्यावरच जेवत होता. ती चूक हीच त्याची सही होती. तुम्ही ती सुधारलीत, आणि त्याच्या नावाने खोटी सही केलीत."

"मॅडम, एका पत्त्यावरून कुणी..."

"एका पत्त्यावरून नाही. आजोबा रोज खालून चमचा आणत आणि दुसऱ्या दिवशी परत करत. गुरुवारचा चमचा त्यांच्या खिशात मिळाला, धुतलेला, रुमालात बांधलेला. शुक्रवारी तो परत द्यायला ते खाली उतरले नाहीत, कारण शुक्रवारी ते नव्हतेच. तरी त्यांच्या टोपलीत दोन रिकामे डबे होते, आणि त्यांत वापरलेल्या काड्या. ज्या माणसाला काड्या धरता येत नव्हत्या त्याच्या टोपलीत! त्या काड्यांवरची लाळ प्रयोगशाळेत गेली आहे. तुमची द्याल ना?"

यिनने दाराकडे पाहिले. एक हवालदार दाराशी जाऊन उभा राहिला.

"गुरुवारी संध्याकाळी आजोबा ह्या सज्जात जेवले. चमचा धुतला, खिशात ठेवला, आणि नदी बघायला कठड्याला टेकले. कठडा वाळवीने खाल्लेला होता. मी कालच चौकशी केली. हा सज्जा बेकायदा आहे, आणि तो पाडायची ताकीद तुम्हाला मागच्याच वर्षी मिळाली आहे. पाहुणा त्यावरून पडून मेला, तर अतिथिगृह जाणार आणि तुम्हीही आत जाणार. म्हणून अंधार पडताना तुम्ही कड्याखाली उतरलात. त्या पट्टीवर कुणी जात नाही. त्यांना पाण्यात लोटलंत, फोन घेतलात आणि वर आलात. मग दोन दिवस तुम्ही त्यांना जिवंत ठेवलंत. तेवढ्यात नवं लाकूड बसलं, रंग चढला. आईचं श्राद्ध आयतंच होतं. शनिवारी शिआंगला बाटलीच्या निमित्ताने आत पाठवलंत, फोन पुसून त्याच्या पेटीत सरकवलात, त्याने आणलेलं जेवण खाल्लंत, आणि फूलिंगला जाऊन सगळ्या गावाला तोंड दाखवलंत. शिआंग त्यांच्यावर ओरडला होता, ते तुम्हाला ठाऊक होतं. पहिल्या दिवशीचं ते भांडण भर रस्त्यातलं होतं, त्याची बातमी वर तुमच्यापर्यंतही आली होती ना?"

बाहेर धुक्यात कुठेतरी होडीचा भोंगा वाजला.

"मी मारलं नाही," यिन म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ऐकलंत? मी हात लावला नाही त्यांना! कठडा मोडला, ते पडले. मी धावत खाली गेलो. हाका मारल्या. हलले नाहीत. माणूस गेला होता! गेलेल्या माणसासाठी मी माझं आयुष्य का घालवू? सांगा ना! ते काय परत येणार होते? मी एक प्रेत पाण्यात सोडलं, एवढाच माझा गुन्हा. एवढाच!"

"आणि शिआंग?"

"त्याला... त्याला सोडलंच असतं ना तुम्ही. पुरावा कुठे होता?"

लानझीबाई उठल्या. त्यांनी टेबलावर ठेवलेला शवचिकित्सेचा कागद त्याच्याकडे सरकवला, पण तो वाचायची वाट पाहिली नाही.

"पाय मोडला होता. गळ्याचं हाड मोडलं होतं. डोक्याला मार नव्हता. वेदनेने शुद्ध गेली असेल. मालक, प्रेत श्वास घेत नाही. ह्या माणसाच्या फुप्फुसांत तळापर्यंत नदीचा गाळ होता."

यिन पाहत राहिला. कळायला त्याला वेळ लागला. मग त्याने दोन्ही हात वर उचलले, आपलेच हात, आणि त्यांच्याकडे असे पाहिले की शेजारचा हवालदार नकळत एक पाऊल मागे सरला.

तेवढ्यात वरच्या दाराची घंटा वाजली. बाहेरून कुणीतरी म्हणाले, "जेवण आलंय! फळीवर ठेवतो हं!"

ते कोणीच आत आणले नाही.

*

दुपारी शिआंगची बेडी निघाली. छू यांनी स्वतः येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच आत गेले. बायकोने रेनकोट उलगडून त्याच्या अंगावर घातला, बाहेर पाऊस नव्हता तरी.

लानझीबाईंनी त्याला सगळे थोडक्यात सांगितले. गुरुवार, कठडा, नदी, काड्या. तो ऐकत राहिला. पायऱ्या उतरता उतरता तो थांबला आणि मागे वळला.

"ताई."

"बोल."

"शुक्रवारी मी खिडकीखाली उभा राहून ओरडलो होतो. शाब्बास आजोबा, म्हणून." त्याने ओठ ओले केले. "तेव्हा वर पडदा हलला होता ना... तो कुणी हलवला?"

बाईंनी मान वळवून, यिनला ठेवले होते त्या कोठडीकडे पाहिले. बायकोने त्याचा हात धरला, आणि ती दोघे खालच्या रस्त्याच्या बाजूने धुक्यात उतरून गेली.